औषध नाही, म्हणून प्रायोजक नाही

पावसाळा सरला की डॉक्टरांच्या परिषदांचा हंगाम सुरू होतो. शाखेची वार्षिक सभा, मग विभागीय परिषद, मग राज्य अधिवेशन. रुग्णांना त्याची खबर मिळते ती ‘डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी’ या पाटीवरून. पण त्या दोन दिवसांत डॉक्टर काय ऐकून येतात, याच्याशी रुग्णाचा थेट संबंध असतो.

परिषदा हव्यातच. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. पदवी घेऊन पंचवीस-तीस वर्षे झालेल्या आमच्यासारख्यांनी जुन्याच शिदोरीवर दिवस काढू नयेत, हा त्यामागचा हेतू. प्रश्न आहे तो विषय कसे ठरतात, हा.

आयोजन समितीचे गणित साधे असते. सभागृह, जेवण, ध्वनिव्यवस्था यांचा खर्च सभासदांच्या शुल्कातून भागत नाही. उरलेला भार औषध कंपन्यांच्या स्टॉलवर पडतो. मार्च २०२४मध्ये केंद्राने या कंपन्यांसाठी विपणनाची नवी आचारसंहिता आणली. तिने डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली, आणि वक्ता वगळता इतर डॉक्टरांच्या प्रवास-हॉटेलचा खर्च करण्यासही. हे योग्यच झाले. पण चर्चेला कोणता आजार घ्यायचा, हे कोणतीही आचारसंहिता सांगत नाही. कोणी दबाव न आणताही नव्या औषधाच्या आजाराला दोन तास मिळतात आणि ज्या आजारावर औषधच नाही, तो पत्रिकेवर येत नाही.

महापे परिसरातच बघा. इथे एमआयडीसीचे रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखाने आहेत, तुर्भे-पावणे भागाला दगडखाणींचा इतिहास आहे आणि त्यांच्या शेजारीच रात्रपाळीत चालणारी आयटी कार्यालये. दगड फोडताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. फुफ्फुसावर पडलेले व्रण परत भरून येत नाहीत. खोकला, दम, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच. त्यामुळे कामाची चौकशी झाली नाही तर सिलिकोसिसवर क्षयाचे उपचार सुरू होऊ शकतात. पुन्हा सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही जास्त, म्हणजे गुंता दुहेरी.

हा आजार थांबतो तो धूळ थांबवल्याने : पाणी मारून दगड कापणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा, योग्य मास्क. यातले काहीच औषधाच्या दुकानात मिळत नाही. मग स्टॉल कोण लावणार?

खरे तर असे आजार कळवणे हे डॉक्टरचे कायदेशीर कर्तव्य आहे. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ८९व्या कलमाने सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, बेन्झिनची विषबाधा असे आजार आढळल्यास डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवावे, अशी तरतूद केली. २०२०च्या नव्या संहितेनेही ती ठेवली आहे. ही तरतूद किती डॉक्टरांनी वापरली, असा प्रश्न एखाद्या वार्षिक सभेत विचारून पाहावा.

म्हणून माझी सूचना अशी. औद्योगिक पट्ट्यात भरणाऱ्या प्रत्येक विभागीय परिषदेचे पहिले सत्र त्या पट्ट्यातील कामगारांच्या आजारांवर ठेवावे आणि त्याचा खर्च फक्त सभासदांच्या वर्गणीतून करावा. त्यासाठी पंचतारांकित सभागृह लागत नाही, सरकारी रुग्णालयाचे सभागृह पुरते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी, कामगार विमा योजनेचे आणि कारखान्यांतले डॉक्टर यांना बोलवावे. अर्धा तास नुसता छातीच्या एक्स-रेंना द्यावा. यालाही क्रेडिट पॉइंट मिळू शकतात.

इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असा आग्रह धरला. सव्वातीनशे वर्षांनंतरही भरगच्च ओपीडीत हाच प्रश्न आधी गळतो. तेव्हा वाचकांनी एक करावे. खोकला महिनोन्‌महिने हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. आज कुठे काम करता, पूर्वी कुठे करत होता आणि तिथे धूळ किंवा वाफ किती असे, हे आपणहून सांगा.