धीर द्या, म्हणजे नेमके काय द्या?

कर्करोग झालेल्या मुलांच्या आईबापांचा आत्मविश्वास कसा वाढवावा, यावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. सकारात्मक विचार करा, मन खंबीर ठेवा, असा उपदेश होतो. समुपदेशनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. खचलेल्या माणसाशी कोणी आपुलकीने बोलले तर त्याला बळ येतेच. परंतु आईबापांचा ताण म्हणजे त्यांच्या मनाचा दुबळेपणा, हे गृहीतकृत्य मात्र साफ खोटे आहे.

परळच्या टाटा रुग्णालयाभोवतालच्या पदपथांवर मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबे मुक्काम करीत आली आहेत. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी नुसता ताप आला तरी मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. म्हणून गावी परतण्याची सोय उरत नाही. पाणी उकळून पाजा, ताजे शिजवून घाला, गर्दीपासून जपा, असे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच सांगतात. पण पदपथावर चूल कोठे मांडायची? त्या आईला सारे समजलेले असते. समजूनही पाळता येत नाही, याचीच बोच तिला रात्रंदिवस पोखरते. आणि आम्ही म्हणतो, तिच्यात आत्मविश्वास नाही!

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. ती असलीच पाहिजे. राज्य कामगार विमा योजनेत मात्र आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी पडला तरच मिळतो. मूल आजारी असेल तर औषधोपचार मिळतात, बुडालेला रोज मिळत नाही. ऊसतोड मजुराला आणि बिगाऱ्याला तेवढाही आधार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना काय, २०१८ ची आयुष्मान भारत काय, त्या रुग्णालयाचे बिल भागवतात. खोलीचे भाडे भागवीत नाहीत. (रेल्वे कर्करुग्णाला व एका सोबत्याला भाड्यात सवलत देते. सोबत्यालाही खर्च असतो, हे निदान एका खात्याला सुचले.) मग पैसे संपतात, उपचार अर्धवट सुटतो आणि त्याला पालकांचे अज्ञान म्हणून सारे मोकळे होतात. श्रीमंत देशांत अशी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिकडच्या आईबापांची मने का अधिक खंबीर आहेत?

मुंबईत जागा नव्हती, असे तर कोणी म्हणूच नये. याच परळ-लालबागेत गिरण्यांच्या जमिनी होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी त्यांचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि तितकाच सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरवली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. मनोरे उभे राहिले. रुग्णांच्या सोबत्यांना मात्र दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेसारख्या ठिकाणीच आसरा शोधावा लागतो.

उपचारकाळात एका पालकाला बुडीत मजुरी, रुग्णालयाजवळ स्वयंपाकाच्या सोयीसह स्वच्छ खोली आणि तापाच्या वेळी मुलाला तत्काळ दाखल करून घेणारा बालरोग विभाग प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, एवढे शासनाकडून मिळविले पाहिजे. आपापल्या तालुक्यातून मुलाला घेऊन मुंबईला गेलेली कुटुंबे कोणती, त्यांचे किती रोज बुडाले, कोणाचे शेत वा जनावर विकले गेले, याची गाववार यादी कार्यकर्त्यांनी करावी आणि ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर जावे.