अध्यक्षबाई थकल्या, आता कोण?



वर्षावास सुरू झाला की आपल्या चामोर्शी तालुक्यातल्या विहारांमध्ये संध्याकाळी महिला मंडळे ग्रंथवाचनाला बसतात. दिवसभर रोवणीच्या चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरे लुगडे नेसून येतात. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतात, ज्यांना येते त्या वाचतात. हे पाहून कोणालाही अभिमान वाटेल. पण याच बैठकांत एक प्रश्न दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तसाच राहतो. अध्यक्षबाई म्हणतात, “आता माझ्यानं होत नाही जी, दुसरी पाहा.” सगळ्या खाली मान घालतात. मग एखादी म्हणते, “तुमीच राहा ना आई, तुमच्यासारखं कोनाले जमते?” टाळ्या वाजतात आणि प्रश्न पुढच्या वर्षावर जातो.

आज या प्रश्नाकडे जरा लांबून पाहू. चर्चमधल्या स्त्रियांच्या एका संघटनेची गोष्ट सांगते. बौद्धांच्या पत्रात चर्चच्या बायांची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. ज्या संघटनेने दीडशे वर्षे तग धरला, तिच्यापासून काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे पाहण्यात कमीपणा नाही. शिवाय हे चर्च आपल्याला परके नाही. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकातच आले होते. त्या मिशनमध्ये काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेही नागपुरातच. त्यांच्या स्त्रियांची संघटना आहे विमेन्स फेलोशिप फॉर ख्रिश्चन सर्व्हिस. इंग्लंडच्या चर्चला आणि त्याच्या जगभरच्या शाखांना अँग्लिकन म्हणतात. या अँग्लिकन जगातली सर्वांत मोठी स्त्री-संघटना म्हणजे मदर्स युनियन, मातांचा संघ. आजची गोष्ट तिची आहे.

इंग्लंडमधल्या ओल्ड अल्रेसफर्ड नावाच्या खेड्यात मेरी समनर नावाची बाई राहत होती. नवरा तिथल्या चर्चचा धर्मगुरू. १८७६ साली तिची मुलगी बाळंत झाली, तेव्हा मेरीला स्वतःचे पहिले बाळंतपण आठवले. लेकरू हातात आले तेव्हा आपण किती घाबरलो होतो, कोणी काही शिकवले नव्हते, हे आठवले. तिने गावातल्या आयांना घरी बोलावले. मोठ्या घरच्या बाया आल्या, मजुरांच्या बायकाही आल्या. पण बोलायची वेळ आली तेव्हा मेरीबाईंची जीभच उचलेना! पुढच्या आठवड्यात त्यांनी धीर केला आणि बोलल्या.

नऊ वर्षे हे काम एका गावापुरते राहिले. १८८५ साली पोर्ट्समथला चर्चची मोठी परिषद भरली. स्त्रियांच्या सभेत बोलायला न्यूकॅसलचे बिशप होते. या बायांना आपण काय सांगणार, असे त्यांना वाटले आणि त्यांनी मेरीबाईंना बोलायला सांगितले. त्या बोलल्या आणि काम गावाबाहेर पसरू लागले. १८९६ साली मध्यवर्ती मंडळ झाले व मेरीबाई अध्यक्ष झाल्या.

पुढची गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. मेरीबाई ९२ वर्षे जगल्या, १९२१ साली वारल्या. पण खुर्चीला त्या शेवटपर्यंत चिकटून राहिल्या नाहीत. ऐंशीच्या घरात त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि दुसऱ्या बाईला त्या पदावर काम करताना डोळ्यांनी पाहिले. संस्था आपल्या नंतरही चालते, हे संस्थापक बाईला जिवंतपणी कळणे, यासारखे समाधान दुसरे नाही. आपल्या किती संस्थापकांना हे समाधान मिळाले असेल?

आज मदर्स युनियनच्या सभासद ४० लाखांच्या वर आहेत आणि काम ८० हून अधिक देशांत चालते. बहुसंख्य सभासद इंग्लंडच्या बाहेरच्या आहेत, त्यातही आफ्रिकेतल्या जास्त.

पण गोष्ट एवढी गोड नाही. दोष सांगितले नाहीत तर शिकणार काय?

पहिला दोष वर्गाचा. सुरुवातीच्या काळात या संघात साध्या सभासद वेगळ्या आणि ‘असोसिएट’ वेगळ्या असत. असोसिएट म्हणजे वरच्या घरच्या बाया, त्यांनी गरीब आयांना नाव नोंदवून घेऊन सांभाळायचे. शेजारी बसायला सगळ्या चालत, पण पुढाकार मात्र बिशपच्या बायकांचा आणि सरदार घराण्यांतल्या स्त्रियांचा. उंच-नीच काय असते हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दुसरा दोष असा की, फारकत झालेल्या बाईला या संघात सभासद होता येत नव्हते. हा नियम बदलायला १९७० चे दशक उजाडले. घटस्फोटाचे कायदे सैल करायलाही संघाने विरोध केला होता. आता आपल्याकडचे पाहा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून अधिक बायका करण्याच्या प्रथेला बंदी मागितली, कामगार स्त्रियांना रजा मागितली. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्या बाया या बाबतीत इंग्लंडच्या शिकलेल्या बायांच्या तीस वर्षे पुढे होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या स्त्रियांची नावे व काम नोंदवून ठेवले, म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे.

तिसरा दोष नेतृत्वाचा. आफ्रिकेतल्या अनेक धर्मप्रांतांत बिशपची बायको हीच मदर्स युनियनची अध्यक्ष, अशी प्रथा पडली. ती हुशार असो वा नसो, तिला आवड असो वा नसो. नवऱ्याची बदली झाली की बाईचेही पद गेले. हसू नका. सरपंचबाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो आणि सही तेवढी बाईची असते, हे आपण पाहतोच. नवऱ्यामुळे पद मिळणे आणि बाईच्या पदावर नवऱ्याने बसणे, ही एकाच दुखण्याची दोन रूपे.

यातून ती संघटना हळूहळू बाहेर आली. कशी? मोठ्या भाषणांनी नाही, कामातून माणसे घडवून. २००० सालापासून मदर्स युनियनने मलावी, बुरुंडी आणि सुदान या देशांत साक्षरतेचे काम सुरू केले. शिकवायला बाहेरून मॅडम आणल्या नाहीत. त्याच वस्तीतली थोडी शिकलेली माणसे निवडली, त्यांना तयार केले आणि त्यांनीच शेजारणींना अक्षरे शिकवली. अक्षर आले, हिशेब आला, मग बचतीचे गट उभे राहिले. काल जी पाटीवर नाव गिरवत होती ती उद्या गटाची वही लिहू लागली. पुढारी तयार होतात ते असे.

आणि २०१९ साली संघाच्या जागतिक अध्यक्ष झाल्या गयाना देशाच्या शेरन हार्पर. गयाना म्हणजे दक्षिण अमेरिकेतला छोटा देश, एके काळी इंग्रजांची वसाहत. ऊस कापायला आपल्या देशातून गिरमिटिया मजूर नेले, त्यांतला एक. ब्रिटन व आयर्लंडबाहेरची बाई त्या पदावर प्रथमच बसली. शेरनबाई आपल्या देशात पालकांसाठीच्या कार्यक्रमाच्या प्रशिक्षक होत्या. प्रत्यक्ष काम करून त्या वर आल्या. २०२४ पर्यंत त्यांनी पद सांभाळले आणि नंतर कॅनडाच्या कॅथलीन स्नो आल्या. १८७६ ते २०१९, म्हणजे १४३ वर्षे लागली! आपल्याला एवढी वर्षे थांबायला परवडणार नाही.

महाराष्ट्रातलेही एक उदाहरण सांगते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तो याच अँग्लिकन चर्चमध्ये. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभारले. निराधार बाया आणि पोरी तिथे शिकल्या, हाताने कमावू लागल्या. आपल्या नंतर हे काम लेक मनोरमा सांभाळील अशी त्यांची तयारी होती. मनोरमा शिकलेली होती, कामात मुरलेली होती. पण १९२१ साली ती आईच्या आधीच गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. तरीही मुक्ती मिशन बंद पडले नाही, आजही केडगावला आहे. कारण काम एकट्या आई-लेकीच्या हातात नव्हते. शिवण, शेती, छापखाना, स्वयंपाक या कामांत तयार झालेल्या कितीतरी स्त्रिया तिथे होत्या. वारस एकच ठेवला की धोका असतो, मग तो पोटचा का असेना.

आता आपल्या घरात या. मी लिपिक आहे, रोज कागदांशी गाठ असते, म्हणून कागदाचेच बोलते. आपल्या भागातल्या एका गावातली गोष्ट आहे, नाव सांगत नाही. मंडळाच्या अध्यक्षबाई अठरा वर्षे अध्यक्ष. बाई सोन्यासारखी. लग्नासाठी भाड्याने द्यायचे गंज, पराती, सतरंज्या तिच्याच घरी. बँकेचे पासबुक तिच्याच पेटीत. एका रात्री तिला झटका आला आणि ती गेली. दुसरी सही सचिवबाईंची, त्या लेकीकडे नागपूरला राहायला गेलेल्या. बँकेने नव्या पदाधिकाऱ्यांचा ठराव मागितला, तो बँकेला मागावाच लागतो. पण सभेचे इतिवृत्त चार वर्षांत लिहिलेलेच नव्हते. मुलांच्या वाटणीत भांडी कोणाची, यावर वाद झाला. बायांनी भाजी-भाकरीतून वाचवलेले पैसे कित्येक महिने अडकून पडले. कोणी चोरी केली नव्हती. फक्त “तुमीच राहा ना आई” असे सगळ्या म्हणत राहिल्या होत्या.

म्हणून काही गोष्टी या वर्षावासातच ठरवा.

पहिली गोष्ट मुदतीची. पद तीन वर्षांचे आणि एका बाईला लागोपाठ दोनच वेळा, असा ठराव करा. बचत गटातही पदाधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलावेत असे सांगतात. आपण ऐकतो आणि विसरतो.

दुसरी गोष्ट जोडीची. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, प्रत्येकीच्या हाताखाली एक तरुण बाई द्या. बँकेत, तहसीलमध्ये, पंचायत समितीत जाताना तिला सोबत न्या. वर्षभर तिने नुसते पाहायचे, दुसऱ्या वर्षी तिने करायचे आणि मोठीने पाहायचे.

तिसरी गोष्ट सह्यांची. खात्यावर तिघींच्या सह्या ठेवा, त्यांतल्या कोणत्याही दोघींनी पैसे निघावेत. मंडळ नोंदणीकृत असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की कागदावर जुन्याच बाया राहतात आणि पुढे अनुदानाच्या वेळी पंचाईत होते.

चौथी गोष्ट वहीची. दर महिन्याला जमा-खर्च मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकून आकडे पाठ होतात. हिशेब सगळ्यांना माहीत असला की पदाची भीती जाते.

“पण आमच्या सुनांना वेळ कुठे?” असे मोठ्या बाया म्हणतात. आपल्याच सुना आशाताई म्हणून पावसात वस्त्या फिरतात, अंगणवाडी चालवतात, उमेदच्या गटांच्या वह्या लिहितात. ज्या घरोघरी जाऊन गरोदर बाईची नोंद घेतात, त्यांना मंडळाची नोंदवही जड जाईल का? वेळ त्या काढतील. पण मंडळात त्यांना फक्त चहा करायला आणि सतरंजी घालायला सांगितले, तर त्या कशाला येतील? आणि पोरींनो, तुम्हालाही सांगते. पहिल्या सभेत बोलता आले नाही म्हणून लाजू नका. चाळीस लाखांच्या संघटनेची संस्थापक बाईसुद्धा पहिल्या दिवशी गप्पच बसली होती.

शेवटी एक विनंती आमच्या मोठ्या आयांना. पद सोडणे म्हणजे मान सोडणे नव्हे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा झाली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत आणि बाबासाहेब गेले. तेव्हा गावोगाव धम्म टिकवला तो ज्यांच्याकडे कुठलेही पद नव्हते अशा आयाबायांनी. वंदना पाठ केल्या, लेकरांना शाळेत घातले, मूठमूठ तांदूळ जमा करून विहार बांधले. तो मान कोणी काढून घेऊ शकत नाही. मग एका पासबुकासाठी जीव कशाला अडकवायचा? चावी आपल्या हाताने सुनेच्या वयाच्या पोरीला द्या आणि शेजारी बसून तिला सांभाळा. पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत हा एकच विषय घ्या आणि काय ठरले ते इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या.

जयभीम!