ठासणीच्या बंदुका आणि हातांचा इतिहास

अवघ्या अडीचशे वर्षांचे राष्ट्र आपल्या इतिहासाचे कौतुक ते किती करणार, असा काहीसा तुच्छतेचा सूर अमेरिकेविषयी बोलताना भारतीय सुशिक्षितांच्या तोंडी पुष्कळदा ऐकू येतो. ज्यांच्या गावातील मारुतीचे देऊळदेखील त्या देशाच्या राज्यघटनेपेक्षा जुने, त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाचे वय आणि इतिहासाविषयीची आस्था या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत. प्रतिवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत ठासणीच्या बंदुकांच्या ज्या छावण्या भरतात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. हौशी लोकांचा वेशभूषेचा पोरखेळ म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही आणि इतिहासनिष्ठेचा आदर्श म्हणून त्यांना डोक्यावर घेऊन नाचणेही योग्य नाही.

या छावण्यांना 'राँदेव्हू' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे; ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी भेटणे हा त्याचा अर्थ. त्यामागील हकिकत अशी : १८२२ साली विल्यम ॲशली या व्यापाऱ्याने सेंट लुईच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन मिसुरी नदीच्या उगमाकडे जाण्यासाठी शंभर साहसी तरुण मागितले. काम होते बीव्हर या पाणथळ प्राण्याची शिकार. त्याच्या लोकरीपासून उत्तम प्रतीची फेल्टची टोपी होत असे आणि युरोपातील प्रतिष्ठित पुरुषाचे डोके तिच्यावाचून उघडे समजले जाई. ॲशलीने डोंगरात ठाणी बांधण्याऐवजी वेगळी युक्ती काढली. शिकाऱ्यांनी वर्षभर पर्वतातच राहावे; उन्हाळ्यात माल लादलेला तांडा ठरल्या जागी यावा; कातडी घ्यावीत, दारू, शिसे, कापड, तंबाखू, कॉफी द्यावी आणि परत जावे. १८२५ साली ग्रीन नदीच्या हेन्रीज फोर्क या उपनदीकाठी असा पहिला मेळा भरला, १८४० साली शेवटचा. तोवर बीव्हर संपत आला होता आणि बाजारात रेशमी टोपीची चलती झाली होती. म्हणजे ज्या युगाची आठवण म्हणून आज एवढ्या राहुट्या उभ्या राहतात, ते युग अवघ्या सोळा उन्हाळ्यांचे होते.

आजच्या छावणीचा मुख्य नियम या १८४० सालावरच बेतलेला आहे. जी वस्तू त्या सालापूर्वी पर्वतात आढळली नसती, ती छावणीच्या अंतर्भागात दिसता कामा नये. राहुटी कापडी किंवा तिपी पद्धतीची, अंगावर लोकर, ताग वा हरणाचे कातडे, स्वयंपाक लोखंडी भांड्यात लाकडाच्या विस्तवावर. मोटारी दूर उभ्या करायच्या. ज्यांना नायलॉनचे तंबू हवेत त्यांची वस्तीही निराळी. छावणीच्या प्रमुखाला 'बुशवे' म्हणतात. हा 'बूर्ज्वा' या फ्रेंच शब्दाचा डोंगरी अपभ्रंश होय; शिकारी टोळीच्या म्होरक्याला त्या काळी हेच नाव होते. दिवसा नेमबाजीच्या, कुऱ्हाड आणि सुरी फेकण्याच्या, चकमकीने विस्तव पेटवण्याच्या स्पर्धा चालतात. वायोमिंगमध्ये जिम ब्रिजरने १८४३ साली वसवलेल्या ठाण्याच्या परिसरात सप्टेंबरच्या आरंभी भरणारा मेळा यांतील विशेष प्रसिद्ध आहे. नेमबाजीची परंपरा तर याहून जुनी. ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली, ऐन मंदीच्या काळात स्थापन झाली आणि इंडियानातील फ्रेंडशिप या लहानशा गावी तिचे मैदान आहे.

ठासणीची बंदूक हे घाई न चालणारे हत्यार आहे. मोजून घेतलेली दारू नळीच्या तोंडातून ओतायची; तेल लावलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोळी गुंडाळून ती गजाने तळापर्यंत ठासायची; कानाजवळच्या पेल्यात चिमूटभर रंजक घालायची; घोडा चढवायचा आणि मग चाप. गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकेत पडते, कानातून जाळ आत शिरतो आणि मगच बार उडतो. या साखळीतील एक कडी ओलसर असली तरी फक्त फुसकन धूर निघतो. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतच्या त्या क्षणभरात नेम हलू न देणे हेच खरे कौशल्य. ग्रंथांमध्ये 'पावसामुळे बंदुका निकामी झाल्या' हे वाक्य वाचणे आणि दमट सकाळी दहा वेळा घोडा पाडूनही बार न उडणे यांत जे अंतर आहे, तेच इतिहासाच्या माहितीत आणि इतिहासाच्या जाणिवेत असते.

ही विद्या अखंड चालत आली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांब नळीची रायफल प्रारंभापासून शेवटपर्यंत हाताने घडवणारा कारागीर दुर्मीळ झाला होता. पेनसिल्व्हेनियात जर्मन स्थलांतरितांनी वाढवलेली ही कला कारखान्यांपुढे टिकली नव्हती. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या वसाहतकालीन नगरात वॉलेस गस्लर या बंदूककाराने ती पुन्हा हस्तगत केली. लोखंडाची पट्टी तापवून, सळईभोवती वळवून, जोड ठोकून नळी करणे, लाकडी मार्गदर्शकाच्या साहाय्याने तिच्या आतले पीळ कापणे, घोडा, चाप, स्क्रूसुद्धा हाताने करणे, दस्ता कोरणे. हे सारे १९६९ साली चित्रपटात नोंदवले गेले आणि त्यातून पुढच्या पिढीच्या कारागिरांना वाट सापडली. संग्रहालयातील काचेआडच्या बंदुकीने जे शिकवले नाही, ते ती पुन्हा करू पाहणाऱ्या हातांना कळले. कातडे कमावण्याचीही हीच कथा. प्रत्येक जनावराचा मेंदू त्याचेच कातडे कमावण्यास पुरतो, ही शिकाऱ्यांची जुनी म्हण छावणीतील लोक करून पडताळतात. त्या कामाचा वास ज्याने एकदा घेतला, तो 'रम्य भूतकाळ' हा शब्दप्रयोग जरा जपून करतो.

या मंडळींचा पुराव्याविषयीचा कटाक्ष कधीकधी हास्यास्पद टोकाला जातो. शिवण यंत्राची की हाताची, गुंडी शिंगाची की शिंपल्याची, यावर तासन्‌तास वाद झडतात. आल्फ्रेड जेकब मिलर हा चित्रकार १८३७ सालच्या मेळ्यास प्रत्यक्ष उपस्थित होता आणि तसा तो एकमेव. त्याच्या चित्रांतील टोपीची कड आणि पट्ट्याची रुंदी हे लोक धर्मशास्त्राच्या बारकाव्याने अभ्यासतात. तथापि, पुराव्याचा हा आग्रह स्वतःच्या पूर्वग्रहाविरुद्ध जातो तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे आहे. १८६१ ते १८६५ चे अमेरिकन यादवी युद्ध मुख्यतः ठासणीच्याच बंदुकांनी लढले गेले आणि त्या युद्धाच्या छावण्या तर राँदेव्हूपेक्षाही मोठ्या भरतात. १९८९ साली अँटिएटमच्या रणभूमीवरील अशाच एका कार्यक्रमातून सैनिकाच्या वेशातील एका स्त्रीला बाहेर काढण्यात आले. सैनिक पुरुष होते, तेव्हा स्त्रीने तो वेश करणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा, असा युक्तिवाद होता. ती न्यायालयात गेली आणि १९९३ साली जिंकली. निकालाहूनही मोठी गोष्ट पुढची आहे. पुरुष म्हणून नाव नोंदवून त्या युद्धात लढलेल्या स्त्रिया शेकडोंनी होत्या. सेरा रोझेटा वेकमन ही न्यूयॉर्कच्या पलटणीतील सैनिक १८६४ साली आजारात मरण पावली. तिने घरी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. गुंडीचा प्रामाणिकपणा तपासणाऱ्यांना माणसांचा पट तपासण्याची आठवण राहिली नव्हती!

या छावण्यांचे खरे वैगुण्य येथेच आहे. वस्तूंच्या बाबतीत त्या कठोर आहेत, माणसांच्या बाबतीत सैल. मूळ मेळ्यात गोऱ्या शिकाऱ्यांपेक्षा शोशोनी, फ्लॅटहेड, नेझ पर्स आदी मूलनिवासींची संख्या पुष्कळदा अधिक असे. त्यांच्या घोड्यांवाचून, त्यांच्या स्त्रियांच्या श्रमांवाचून आणि त्यांना ठाऊक असलेल्या खिंडींवाचून हा व्यापार एक हंगामही चालला नसता. आजच्या छावणीत त्यांच्या तिप्या आहेत, मणिकाम आहे, पिसे आहेत. ते लोक मात्र थोडे. गोऱ्या माणसाने पिसे लावून मिरवावे याविषयी मूलनिवासी समाजांनी वारंवार नाराजी व्यक्त केली आहे आणि ती रास्तच आहे. १८३२ च्या कायद्याने त्यांच्या प्रदेशात मद्य नेण्यास बंदी होती; तरीही ते नेले गेले, पाणी घालून विकले गेले. मालाचे भाव डोंगरात कित्येक पटींनी चढत, त्यामुळे वर्षभर हिमात पाय कुजवलेला शिकारी मेळा संपता संपता पुन्हा कंपनीचा ऋणको होई. 'मुक्त डोंगरी माणूस' ही जी प्रतिमा छावणीत मिरवते, तिच्या खिशात बहुधा उधारीची चिठ्ठी होती. आणि ज्या १८३७ मध्ये मिलर आपली देखणी चित्रे काढीत होता, त्याच उन्हाळ्यात फर कंपनीच्या आगबोटीबरोबर मिसुरीच्या वरच्या खोऱ्यात देवी पोहोचली आणि मँडन जमात जवळजवळ नामशेष झाली. हेही १८४० पूर्वीचेच आहे. नियमात बसणारे आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने या प्रश्नाचा एका अंगाने विचार केला. १९६१ साली यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त मनासस येथे मूळ रणभूमीवरच लढाईचा देखावा झाला. हजारो प्रेक्षक जमले, आइस्क्रीम खाल्ले गेले, टाळ्या पडल्या; आणि जेथे माणसे खरोखर मेली तेथे हा तमाशा असावा काय, अशी टीका झाली. त्यानंतर आपल्या ताब्यातील रणभूमींवर खोटी लढाई, खोटे मरणे या सेवेने बंद केले. बंदूक भरून दाखवावी, तोफ डागून दाखवावी, छावणी उभारावी. परंतु समोरासमोर गोळीबार आणि पडणारी 'प्रेते' नकोत. साधन दाखवा, मरणाचे नाटक करू नका, ही मर्यादा शहाणपणाची आहे.

या सर्वांशी भारताचा एक अनपेक्षित संबंध आहे. अमेरिकेतील आणि इतरत्रच्या छावण्यांत ब्रिटिश पद्धतीच्या ज्या स्वस्त प्रतिकृती बंदुका दिसतात, त्यांतील पुष्कळशा भारतात घडतात. कायद्याच्या सोयीसाठी त्या कान न पाडता पाठवल्या जातात. कान पाडण्याचे काम तिकडचा विक्रेता किंवा ग्राहक करतो. दस्ता अक्रोडाऐवजी भारतीय लाकडाचा असतो म्हणून शुद्धतावादी नाके मुरडतात, पण नवशिक्याला तीच परवडते. म्हणजे दुसऱ्यांच्या स्मृतीची अवजारे भारतीय कारागीर घडवून देतो. त्याच्या स्वतःच्या परंपरेतील तोड्याची बंदूक, तिची जामगी, तिचा लांब पिळदार दस्ता मात्र संग्रहालयाच्या भिंतीवर असतो.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने लिटनच्या सरकारने भारतीय समाज निःशस्त्र केला. त्या कायद्याने हत्यार गेले, हे सर्वज्ञात आहे. हत्याराबरोबर बंदूककाराचा धंदा, दारू कुटण्याचे प्रमाण, नळीचे लोखंड ओळखण्याची नजर हेही ओसरत गेले, याची खंत क्वचितच व्यक्त होते. अपवाद आहेत. कोडगूतील कोडवांना परवान्यातून मिळालेली सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली आणि कैलपोढच्या सणाला ते आपल्या बंदुका पूजतात. कोकणात डुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आजही घराच्या माळ्यावर सापडते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, इतकाच तिचा सार्वजनिक जीवनाशी संबंध.

महाराष्ट्रात बंदुकांच्या छावण्या भराव्यात, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला आणि तेव्हापासून तेथे येणाऱ्यांना काय दाखवायचे, हा प्रश्न खराच उभा आहे. मिरवणुका आहेत, ढोल-ताशे आहेत, भाड्याने आणलेले जिरेटोप आणि पत्र्याच्या तलवारी आहेत. ज्या दिवाळीच्या किल्ल्यात पोर स्वतः माती मळते, त्यात तटाला उतार का द्यावा लागतो हे त्याला बोटांनी कळते. मोठेपणी गडावर गेल्यावर मात्र त्याच्या हाती फक्त मोबाइल राहतो. काही दुर्गसंवर्धन संस्थांनी उघड्यावर गंजणाऱ्या तोफांसाठी सागवानी गाडे करवून घेतले, प्रवेशद्वारांना पुन्हा लाकडी दरवाजे बसवले. ते करताना सुतारांना जुन्या बांधणीचा विचार करावा लागला असणार. त्या अनुभवाची मापांसह, आकृत्यांसह नोंद झाली पाहिजे.

आणि आरंभ करण्यासाठी बंदूकही नको, परवानाही नको. अनेक गडांवर चुन्याच्या घाण्याचे वर्तुळाकार चर आणि त्यांतील दगडी चाके अजून पडून आहेत. पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीने, मूळ घाण्याला धक्का न लावता, गडाच्या पायथ्याशी तसाच एक घाणा नवा घडवावा. त्याला बैल जुंपावा. चुना किती दिवस भिजवावा, वाळू कोणत्या ओढ्याची, गूळ आणि हिरडा किती, एक वाव भिंतीला किती घाणे लागतात, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक हंगाम गवंड्यांबरोबर राहून करून पाहावे आणि रोजच्या रोज वहीत लिहावे. एका तटामागे किती माणसांचे किती महिने गेले असतील, याचा पहिला खरा अंदाज त्या वहीतून निघेल.