पाणलोट साऱ्या गावाचा आहे!

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो,

अकोटच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णेचा खारपाणपट्टा. या पट्ट्यातील भूजल खारे आहे. ते ना पिण्याच्या उपयोगाचे, ना पिकाच्या. पाऊस बेभरवशाचा होत असताना पावसाचे गोडे पाणी अडविणे हाच येथे तरणोपाय होय. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी पूर्णाखोऱ्यातील अशी ९३२ गावे निवडण्यात आली. गावोगावी समित्या व आराखडे यांची योजना झाली. हे योग्यच झाले.

परंतु शेततळे ज्याच्या नावे सातबारा, त्याच्याच शेतात होते. मग भूमिहीन बौद्ध मजुराचा वाटा कोणता? ‘जमीन ज्याची, पाणी त्याचे’ असे कोणी म्हणेल, तर त्यास विचारा, पाऊस काय सातबारा पाहून पडतो? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर जो हक्क बजावला, तो आराखड्याच्या कागदावर बुडू द्यावयाचा काय?

शाक्य व कोलीय रोहिणीच्या पाण्यासाठी युद्धास उठले, तेव्हा सिद्धार्थाने दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींची पंचसमिती सुचविली, हे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आपण वाचतो. समान प्रतिनिधित्वाने पाण्याचा निवाडा, हीच आपली परंपरा!

मात्र दोष आपलाही आहे. जयंतीच्या मिरवणुकीस आपण हजारोंनी जमतो, ग्रामसभेस किती जातो? यापुढे स्त्रीपुरुष सर्वांनी जा. समितीत आपला प्रतिनिधी, बांधबंदिस्तीच्या कामात पुरी मजुरी आणि सार्वजनिक तळ्यात समान हक्क मागा; आणि ते ठरावात लिहून घ्या. ही याचना नव्हे, हा हक्क आहे.

जयभीम!