मथळा छापून आला, म्हणजे प्रश्न सुटला?



'बंद', 'खुले', 'रद्द', 'मुक्त' हे शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना फार प्रिय. सरकारने ठराव केला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो आणि वाचणाऱ्याला वाटते, काम झाले. आज आम्ही एक खेळ मांडतो. जुने मथळे अक्षरशः खरे धरायचे आणि पुढे काय घडले असते ते रचायचे. मथळ्यांचे शब्द आमचे आणि परिणामही आमच्याच डोक्यातले. ठराव, कायदे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

मथळा पहिला : 'सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले!' ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

परिणाम : चवदार तळ्याने बातमी वाचली आणि ते पाहुण्यांची वाट बघत बसले. तीन वर्षे कुणी फिरकेना, तेव्हा त्याने पालिकेला अर्ज केला, 'मी खुले झालो हे मला कळले. ज्यांना कळायला हवे त्यांना कुणी कळवले का?' अर्जावर शेरा पडला, 'ठराव झाला आहे. सबब कार्यवाही पूर्ण.'

मथळा दुसरा : 'अस्पृश्यता नष्ट!' २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने हे कलम मंजूर केले. आजचे कलम १७ ते हेच.

परिणाम : दुसऱ्या दिवशी गावोगावच्या हॉटेलांतले वेगळे ठेवलेले कप एकत्र जमले आणि त्यांनी पुनर्वसनाची मागणी केली. नोकरी गेलेली अस्पृश्यता शहरात आली. तिने नाव बदलले आणि तिला लगेच काम मिळाले. हल्ली ती भाड्याच्या घराच्या दारात उभी राहते आणि गोड आवाजात विचारते, 'पूर्ण नाव काय म्हणालात? नाही, आडनाव हो!'

मथळा तिसरा : 'मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव!' २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केला.

परिणाम : रंगारी डबा-ब्रश घेऊन त्याच दिवशी शिडीवर चढला. 'थांब जरा' असे खालून कुणीतरी सांगितले. तो थांबला. मुले शाळेत गेली, कॉलेजात गेली, बाप शिडीवरच. १४ जानेवारी १९९४ ला आदेश आला, 'जुने नाव पुसू नकोस. त्याच्या आधी जागा करून लिही.' नामांतराचा झाला नामविस्तार.

इथे हसू थांबते. शिडीवरच्या त्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे यांचा खून झाला. गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला पेटवून घेतले. मथळ्याने मिटवलेला प्रश्न त्यांच्या दारात तसाच उभा होता.

मथळा चौथा : 'हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद!' हा मथळा दोनदा छापता आला असता. १९९३ ला एक कायदा झाला. २०१३ ला दुसरा झाला आणि तो लागू झाला ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी.

परिणाम म्हणून आम्ही लिहिणार होतो की गटारातल्या विषारी वायूने राजपत्राची वर्गणी भरली आणि माणसे मारणे सोडून दिले. पण इथे सरकारने आमच्यावर मात केली. २०२१ च्या जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आले की हाताने मैला उचलताना कुणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसे गेली, हे त्याच वर्षी सरकारनेच संसदेत सांगितले होते. ते मृत्यू वेगळ्या रकान्यात. रकाना बदलला आणि माणसे मेलीच नाहीत! यापेक्षा मोठा विनोद आम्हाला रचता येणार नाही.

कुणी म्हणेल, मथळ्याला दोष का देता? जो निर्णय झाला तोच छापणार ना? बरोबर आहे. कायदे निरुपयोगी आहेत असेही आम्ही म्हणत नाही. मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आणि ती रक्कम ३० लाख करणारा २०२३ चा निकाल, दोन्हींत या कायद्याचाच आधार आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. मथळा निर्णयाला परिणाम म्हणून विकतो. ज्याच्या घरी त्या प्रश्नाची झळ नाही, त्याला त्यातून निश्चिंती मिळते. मग आमच्या माणसाने तोंड उघडले की उत्तर तयार असते, 'झाले की आता सगळे, अजून काय पाहिजे?' समाजशास्त्राच्या वर्गात याला कुठलीही संज्ञा द्या, आम्ही याला पळवाट म्हणतो.

बाबासाहेबांनी १९२३ चा तो ठराव वेगळ्या रीतीने वाचला. कागदावर हक्क आला, म्हणजे आता पायांनी तळ्यापर्यंत जायला हवे. २० मार्च १९२७ ला ते गेले आणि पाणी प्याले. लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, पालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. 'मूकनायक'ची पैसे देऊनही जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता, तेव्हा पुढची बातमी दुसरे कुणी छापेल ही आशा त्यांनी का धरावी?

म्हणून प्रत्येक विहारात एक वही ठेवा. एका पानावर मथळा आणि तारीख, समोरच्या पानावर आपल्या गावात प्रत्यक्ष काय झाले ते. पहिली नोंद आम्ही सुचवतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तुमच्या वस्तीची पाटी बघा. मग मतदार यादी बघा, ग्रामपंचायतीचे दप्तर बघा आणि एसटीचा कंडक्टर थांब्याला काय नावाने हाक मारतो तेही ऐका. समोरचे पान कोरे राहिले, तर ते पान घेऊनच पुढच्या ग्रामसभेला जा.

जय भीम! जय संविधान!