कागदांवाचून ‘क्लासिक’ कसली?

संपादक महाशय,

बऱ्हाणपूरची जुनी अ‍ॅम्बेसेडर आधी जळगाव जामोदला आणावी, कागद मागाहून पाहावेत, हा आपल्या पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला एमएच-२८ क्रमांक घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, निदान तिच्या अर्जाची पोच तरी हवी. त्या अर्जावर चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. नंबर गंजला असेल तर घोडे तिथेच अडते. ‘खेड्यात कोण अडवतो?’ कोणी नाही, अपघात होईपर्यंत! भरपाई नोंदणीकृत मालकानेच द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे कागद लटकले तर विकणाराही अडकतो. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आधार पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांनाच. नव्वदच्या दशकातल्या अ‍ॅम्बेसेडरला नाही. एनओसी हाती येईपर्यंत विसारापलीकडे पैसे देऊ नयेत.

— एक वाचक, मलकापूर