शेवाळाला विकतचे खत घालू नका

सोयाबीनच्या एका हेक्टरातून वर्षाला ४४६ लिटर तेल, पामच्या हेक्टरातून ५,९५० लिटर आणि सूक्ष्म शेवाळाच्या हेक्टरातून १,३६,९०० लिटर. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील युसुफ चिस्ती यांनी २००७ साली मांडलेले हे आकडे. त्यातल्या शेवटच्या आकड्याने भल्याभल्यांना भुरळ घातली. शेवाळ पेट्रोल-डिझेलची जागा घेईल, या दाव्याला त्याचा मोठा आधार होता. दावा चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट समजून घेतल्याशिवाय शेवाळाचे खरे मोल कळणार नाही.

तो आकडा वजनाच्या ७० टक्के तेल असलेल्या शेवाळाचा आहे. शेवाळ इतके तेल साठवते ते उपासमारीत. नायट्रोजन तोडला की पेशी तेल धरू लागते, पण तिची वाढही तिथेच मंदावते. भरघोस वाढ आणि भरपूर तेल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी गृहीत धरल्या, तरच हिशेब जुळतो. सूर्यप्रकाशाच्या बाजूनेही पाहा. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात हा आकडा गाठायचा तर वर्षभरात पडलेल्या ऊर्जेपैकी सहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा नुसत्या तेलात उतरावी लागेल. उघड्या तळ्यातले शेवाळ आपल्या सगळ्या वाढीतसुद्धा दोन-तीन टक्क्यांपुढे क्वचितच जाते.

मग पाणी. अशा तळ्यात लिटरमागे शेवाळ असते अर्धा ग्रॅम. एक टन सुके शेवाळ हाती यायला २० लाख लिटर पाणी उपसून, गाळून, घुसळून काढावे लागते. त्याच एका टनाला सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड लागतो आणि ७० किलोच्या आसपास नायट्रोजन. हा नायट्रोजन खताच्या कारखान्यातून यायचा आणि तो कारखाना चालायचा नैसर्गिक वायूवर. जीवाश्म इंधन जाळून खत करायचे आणि त्या खतावर हरित इंधन पिकवायचे, हा व्यवहार मला मुळातच अमान्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही २०१२ मध्ये बजावले होते, की देशाच्या वाहतूक इंधनापैकी अवघे पाच टक्के शेवाळातून काढायचे म्हटले, तरी पाणी, ऊर्जा आणि खतांवर न पेलणारा भार पडेल.

आता दुसरी बाजू. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९ साली शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जीनोमिक्स कंपनीबरोबर शेवाळाच्या इंधनावर काम सुरू केले, २०२५ पर्यंत रोज १०,००० बॅरल इंधन काढण्याची क्षमता आणण्याचे उद्दिष्ट सांगितले आणि २०२३ मध्ये हात काढून घेतला. तेव्हापासून ‘शेवाळ संपले’ असे म्हणणारे पुष्कळ झाले. त्यांचेही मला पटत नाही. हरला तो शेवाळाकडून फक्त तेल मागण्याचा बेत. अमेरिकी ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात हेच काम केले होते. तीन हजारांहून अधिक वाण गोळा झाले, न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार चौरस मीटरची तळी चालवली गेली, तिथल्या थंड रात्रींनी उत्पादन पाडले. १९९८ च्या समारोप अहवालात एक स्पष्ट सल्ला होता: नजीकच्या काळासाठी सांडपाणी शुद्धीकरणासारखे उपयोग शोधा. अकरा वर्षांनी कोट्यवधी डॉलर ओतणाऱ्यांनी तेलाचाच हट्ट धरला, याचे वाईट वाटते.

सांडपाण्यात पाणी, नायट्रोजन, फॉस्फरस सारे आयतेच असते. इंद्रायणी-पवनेवर जलपर्णी माजते ती याच खाद्यावर. बर्कलीच्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकापासून दाखवून दिले, की उथळ तळ्यात चाकाने संथ फिरवलेल्या पाण्यात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि त्यावर जिवाणू घाण पचवतात. हवा मारणाऱ्या ब्लोअरची वीज त्यामुळे वाचते. शेवाळ आणि जिवाणूंचे गठ्ठे बऱ्याच अंशी आपोआप तळाशी बसतात, म्हणजे घुसळण्याचा खर्चही कमी. तेल काढायच्या भानगडीत न पडता हा ओला गाळ सरळ बायोगॅसच्या टाकीत घालता येतो. स्पेनमधल्या चिक्लाना दे ला फ्रोंतेरा गावी ‘ऑल-गॅस’ प्रकल्पाने नगराच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवून त्या वायूवर मोटारी चालवून दाखवल्या. इथे पाणी शुद्ध करणे हेच मुख्य काम आहे, त्याचा खर्च गावाला असाही करावाच लागतो. इंधन वरकड मिळते.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. या तळ्यांना जागा फार लागते, मुंबईत ती मिळणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे आठवडेच्या आठवडे ऊन नसते, तेव्हा शेवाळ मंदावणार आणि जोडीला दुसरी व्यवस्था ठेवावी लागणार. यातून देशाची डिझेलची गरजही भागणार नाही. पण ज्या तालुक्याच्या गावाचे सांडपाणी आज तसेच ओढ्यात जाते आणि गावाबाहेर पडीक जमीन आहे, तिथे वर्षाचे आठ महिने ऊन फुकट आहे. कारखान्यांचे पाणी त्यात मिसळू दिले नाही, तर वायू काढून उरलेला गाळ रोगजंतूंचा बंदोबस्त करून शेतात घालता येईल, आणि जो नायट्रोजन-फॉस्फरस आज नदीत जातो तो पुन्हा जमिनीत जाईल.